जगातल्या पोरींचं व्याख्यान

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कोणी कोणाला तोंडावर नाही म्हणत नाही. तळहातावर तिळगूळ ठेवला की समोरची बाई गोडच बोलणार. धुरपदाबाईने हे बरोबर हेरलं होतं. एकोणीसशे तीस साली त्या दिवसांत धरणगावातल्या एकाही घरचं हळदीकुंकू तिने चुकवलं नाही, आणि प्रत्येक उंबऱ्यावर तिचं सांगणं एकच होतं.

"तिळगूळ घ्या," ती म्हणायची, आणि मग आवाज आणखी खाली आणून, "सप्तमीच्या दुसऱ्या दिवशी देवळाच्या पटांगणात दिव्याचं व्याख्यान आहे. धुळ्याचे देवपूरकर मास्तर येणार आहेत. देशोदेशीच्या मुलींची चित्रं दाखवतात. जरूर या. घरच्या पुरुषमाणसांनाही पाठवा."

तिचा आवाजच असा होता, की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. पहाटे आंघोळ करून देवापुढे दिवा लागेपर्यंत ती कोणाशी बोलत नसे, आणि दिवा लागल्यावरही फार बोलत नसे. त्यामुळे ती काही सांगायला लागली की बायका कान देऊन ऐकायच्या.

शेजारच्या ताईबाईने मात्र कंबरेवर हात ठेवून विचारलं, "अक्का, नाटक शे का ते?"

"नाटक नाही गं. खरी चित्रं. काचेवरची. दिव्याने मोठी होऊन कापडावर पडतात."

"मंग गाणं तरी ऱ्हाई?"

"गाणंही नाही."

"गाणं नही, नाच नही, आनि इतली थंडीमा माले बसाडशी?" ताईबाई हसली. "बरं माय. तू सांगस म्हनीसन येसू."

तू सांगतेस म्हणून येते. घरोघर हेच उत्तर मिळत होतं आणि धुरपदाबाईला त्यात धन्यता वाटत होती. देवाने आपल्या हातून हे एवढं काम घ्यावं असं तिला मनापासून वाटे.

मागच्या वर्षी ती धुळ्याला नणंदेकडे गेली होती, तेव्हा हे व्याख्यान तिने पहिल्यांदा ऐकलं. चीन देशातल्या मुली, पाय बांधून बांधून मुठीएवढे केलेले. विलायतेतल्या गिरण्यांत सूत जोडणारी, उभ्या उभ्या पेंगणारी पोरं. अमेरिकेत कापूस वेचणारे काळे गुलाम. आणि सगळ्यांत शेवटी आपल्याच देशातली एक मुलगी, मळवट भरलेली, मुंडावळ्यांखाली डोळे मिटून पेंगुळलेली. मास्तर त्या चित्रापाशी थोडा वेळ काहीच बोलले नव्हते. त्या शांततेत धुरपदाबाईला आपली लेक आठवली होती.

तिची गोदा अशीच होती. नवव्या वर्षी लग्न झालं, तेराव्या वर्षी बाळंतपणाला म्हणून आली, आणि गेली. मूलही गेलं. तेव्हा सगळे म्हणाले, देवाची इच्छा. धुरपदाबाईही तेच म्हणाली. आपणच घाई केली, हे ती नवऱ्यापाशीसुद्धा कधी बोलली नाही. तोतारामनाना सरकीच्या दुकानात बसायचे आणि संध्याकाळी गोदाच्या खेळण्यातलं जातं ठेवलं होतं त्या कोनाड्याकडे पाठ करून जेवायचे. लोक म्हणायचे, अक्का फार सोशीक. सोशीकपणाचं नाव इतकं झालं, की आता त्याच्याबाहेर पडायची तिला लाज वाटे.

आणि आता कमल होती. सावद्याला तिचा धाकटा भाऊ लोटन केळीची बागाईत करायचा, त्याची ही मुलगी. नुकती नऊची झालेली. आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, आत्याकडे आली की पाटीवर अक्षरं काढून दाखवायची आणि म्हणायची, "आत्या, हे तुहं नाव. आता पुस, मी पुन्हा काढते." दिवाळीत लोटन सहज बोलून गेला होता, की केळीवाल्या एका मोठ्या घरातून कमलला मागणं आलं आहे, मुलगा सतराचा आहे. "पन घाई नाही, अक्का. अजून दोन-तीन वर्सं जाऊ दे. मंग पाहू."

त्याच वेळी धुरपदाबाईला सांगता आलं असतं. लोटन, माझ्या गोदाचं पाहिलंस ना, पोरीला मोठी होऊ दे. तिने काय केलं? त्याच्या पानात आणखी एक पुरणपोळी वाढली. भावाच्या घरातल्या गोष्टीत दिलेल्या बहिणीने तोंड घालू नये, हे ती लहानपणापासून पाळत आली होती. मग तिला मास्तरांचं व्याख्यान आठवलं. जे आपल्या तोंडून निघत नाही ते मास्तर चांगल्या शब्दांत सांगतील. चित्रं दाखवून सांगतील. लोटन हळवा आहे. बैलाच्या पायात काटा गेला तरी त्याचे डोळे भरून येतात. ते शेवटचं चित्र पाहून तो आपणहून म्हणेल, की पोरीचं इतक्यात नको.

म्हणून तिने नानांकरवी मास्तरांना धरणगावचं आमंत्रण दिलं, आणि सावद्याला निरोप धाडला: काही झालं तरी ये. डोळे उघडणारी गोष्ट आहे.

*

पटांगणात दोन बांबूंना मोठं पांढरं कापड ताणून बांधलं होतं आणि त्यावर पाणी शिंपडून ते भिजवलं होतं, म्हणजे चित्र पलीकडूनही दिसावं. पुरुष पुढच्या बाजूला, मास्तर आणि त्यांच्या दिव्याच्या पेटीजवळ. बायका कापडाच्या मागे, चवाळी अंथरून. बायकांना चित्रं उलटी दिसत होती, उजव्याचं डावं झालेली, पण त्याचं कोणाला काही वाटलं नाही.

गर्दी एवढी झाली, की नाना दोनदा मागे येऊन सांगून गेले, "अगं, पार वेशीपर्यंत माणसं आहेत." धुरपदाबाईने पदराआड हात जोडले. लोटनही आला होता. भुसावळला गाडी बदलून, जळगावला पुन्हा बदलून, अंगावर नवं उपरणं घेऊन.

चिनी मुलगी कापडावर आली तशी बायकांत कुजबुज थांबली. मास्तर सांगत होते, पाचव्या-सहाव्या वर्षी बोटं खाली दुमडून पट्ट्या आवळतात, हाडं मोडतात, आणि हे आईच करते, कारण लहान पायाच्या मुलीला चांगलं घर मिळतं.

"आई करस?" ताईबाईने डोळ्यांना पदर लावला. "कशी राक्षसीन माय शे वं ती! पोर रडत व्हई ना!"

तिच्या मांडीवर तिची नात झोपली होती. पाच वर्षांची झुंबर. ताईबाई तिची पावलं कुरवाळत राहिली.

गुलामांचं चित्र आलं तेव्हा एकजण म्हणाली, "कापूस तर आपल्यासारखाच दिसतो गं." दुसरी म्हणाली, "पाठी बघ त्यांच्या." मग बराच वेळ नुसतं नाक ओढल्याचे आवाज. धुरपदाबाईला वाटलं, दगडाला पाझर फुटतोय. शेवटच्या चित्राच्या वेळी तिने डोळे मिटून घेतले. ती पोरगी तिला पुन्हा बघवणार नव्हती. मास्तर याही वेळी तिथे थांबले. पुढच्या बाजूला कोणीतरी खोकलं.

मग मास्तरांचा आवाज चढला. "बंधूंनो, आनंदाची वार्ता अशी, की आता आपला देशही मागे नाही. शारदा कायदा पास झालेला आहे! येत्या एक एप्रिलपासून चौदा वर्षांच्या आतल्या मुलीचं लग्न लावणं हा गुन्हा ठरेल. बापाला महिनाभर कैद होऊ शकते, दंड होऊ शकतो. टाळ्या वाजवा!"

टाळ्या वाजल्या. नेहमीसारख्या नाहीत, पाऊस येणार की नाही अशा वेळी पत्र्यावर चार थेंब पडावेत तशा.

मग पुढून एक म्हातारा आवाज आला. "मास्तर, एक एप्रिल म्हणजे आपली तिथी कोणती?"

"पाडव्याच्या आसपास येतो, आबा."

"म्हणजे फाल्गुन सापडतो?"

"कसा सापडतो?"

"लग्नाला हो."

थोडं हसू झालं. मास्तरही हसले. त्यांना वाटलं, म्हातारा गंमत करतोय. "कायदा पुढच्या लग्नांसाठी आहे, आबा. मागचं उकरून काढत नाहीत."

आणि मग कापडाच्या पलीकडून तिच्या ओळखीचा आवाज आला. क्षणभर धुरपदाबाईला आनंदच झाला. इतक्या लोकांत आपला लोटन उठून प्रश्न विचारतोय.

"मास्तर, आन् ज्या पोरीचं लगीन त्या तारखेच्या आधीच लागून गेलं, तिच्या बापाच्या मांघे पोलीस नाही ना लागनार?"

"नाही. मुळीच नाही," मास्तर म्हणाले.

"बरं," लोटन म्हणाला, आणि खाली बसल्याचा आवाज आला.

तिने डोळे उघडले तेव्हा दिवा विझवला होता आणि समोर नुसतं ओलं कापड लोंबत होतं. ताईबाईने तिच्या दंडाला बोट लावलं.

"अक्का, एप्रिल कव्हय शे?"

*

लोटन जेवायला बसला तो बोलतच. "फार चांगलं केलं अक्का, बोलावलं ते. माले तर त्या चिनी पोरीचं पाहून कसंतरीच झालं. काय मानसं असतात! पोटच्या पोरीचे पाय मोडतात!"

"शेवटचं चित्र पाहिलंस?" धुरपदाबाईने भाकरी मोडता मोडता विचारलं.

"पाहिलं ना. ते तर आपलं नेहमीचं." त्याने ताकाचा घोट घेतला. "पन कायद्याचं कळलं ते लई बरं झालं. गावात नुसतं आज ना उद्या कायदा होईल म्हनत व्हते, तारीख कोनालेच ठाव नव्हती. मी आपला दोन-तीन वर्सं थांबून राह्यलो असतो, मंग कमल चौदाची होवोस्तर बसा घरात. तवर ते लोक थांबतात का? असं घर पुन्हा येतं का दारी? सकाळच्याच गाडीनं निघतो. फाल्गुनातला मुहूर्त धरायचा म्हनजे भटजी सापडले पाहिजेत."

धुरपदाबाईने भाकरी ताटलीत ठेवली. "कमल नऊची आहे रे."

"म्हनून तर!"

तिने नानांकडे पाहिलं. नाना पानातलं मीठ बोटाने गोळा करत होते.

"लहान नाही का वाटत जरा?" तिचा आवाज इतका खाली गेला, की लोटनला कानाला हात लावून विचारावं लागलं, "काय म्हने?"

"काही नाही," ती म्हणाली. "भात वाढू?"

सकाळी लोटन गाडीला गेला. धुरपदाबाई नानांना घेऊन मास्तर उतरले होते तिथे गेली. मास्तर काचा फडक्यात गुंडाळून पेटीत लावत होते. तिला पाहून त्यांनी उठून नमस्कार केला.

"बाई, कमाल केलीत तुम्ही! खानदेशात एवढी सभा मला कुठे मिळाली नाही. आणि प्रश्न किती विचारले लोकांनी! प्रश्न विचारतात म्हणजे मनं जागी होत आहेत."

"मास्तर," ती म्हणाली, "तारीख सांगितलीच पाहिजे होती का?"

मास्तरांना नीट ऐकू आलं नसावं. नानांनी घसा साफ करून तेच पुन्हा विचारलं.

"म्हणजे काय? कायदा लोकांना कळायला नको?"

"लोक आता एप्रिलच्या आधी उरकायला बघतायत," धुरपदाबाई पुढे होऊन म्हणाली.

माणूस वाईट नव्हता. त्यांच्या कपाळावर आठी उमटली, आणि मग त्यांनी ती पुसून टाकली. "असतील दोन-चार अडाणी. त्यांच्यासाठी थांबून कसं चालेल, बाई? चळवळ म्हटली की असं व्हायचंच. आज संध्याकाळी नरडाण्याला आहे, मग शिंदखेड्याला, मग पुढे तापीकाठची गावं. तुमची कोणी नातलग असतील तिकडे, तर त्यांना जरूर कळवा. तुमच्या शब्दाला वजन आहे."

ते टांग्यात बसले. पेटी त्यांनी मांडीवर धरली होती. टांगा स्टेशनाकडे वळला तेव्हा धुरपदाबाईला त्या वाटेवरची गावं एकामागोमाग दिसली, आणि प्रत्येक गावात कोणीतरी म्हातारा उठून तिथी विचारत होता.

*

त्या फाल्गुनात धरणगावात वाजंत्री मिळेनासे झाले. एका मांडवात तीन-तीन लग्नं लागली. भटजी सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे, आणि घशाला कोरड पडली म्हणून मंगलाष्टकं निम्मीच म्हणत. ताईबाईच्या झुंबरला तिच्या बापाने कडेवर घेऊन बोहल्यावर उभं केलं. झुंबरला वाटलं, जत्रा आहे. हळद लागलेल्या हातांनी ती समोरच्या नवऱ्यामुलाच्या तोंडातली साखर काढू लागली, आणि मांडव हसून हसून लोळला.

ताईबाई धुरपदाबाईकडे खण-नारळ घेऊन आली. "तुना मुळे व्हयनं, अक्का. तू नही सांगती, ते आम्ही बठ्ठा अडकी जातूत."

"ताईबाई, त्या चिनी पोरीचं बघून रडलीस ना तू?"

"रडनू ना! अजून याद येस." ताईबाईने खरोखर डोळे पुसले. "आपला देश बरा वं माय. आपण पोरीस्ना पाय नही मोडतस."

अशा आणखी चौघी-पाच जणी आल्या. धुरपदाबाईने कोणाचा खण परत केला नाही. खण परत करणं म्हणजे बाईला अशुभ बोलणं, आणि अशुभ तिच्या तोंडून जात नसे. ते खण तिने देवासमोर ठेवले. त्यांच्याकडे बघून तिला देवाला काय सांगावं हे सुचेना. दिवा लावून ती नुसती बसून राहायची.

सावद्याला ती लग्नाच्या आदल्या दिवशी पोचली. अंगणात केळीचे खांब उभे होते, घडासकट. लोटन उन्हात धावपळ करत होता. तिने त्याला गोठ्याच्या आडोशाला बोलावलं. वाटेत गाडीभर तिने शब्द जुळवले होते आणि आता ते आवाज चढवून बोलली. चढवून म्हणजे तिच्या मानाने.

"लोटन, हे लग्न थांबव. माझी गोदा अशीच गेली. तिला मी मारलं, तिच्या बापाने मारलं. तू कमलला मारू नको."

हातातली दोरी लोटनने खाली टाकली. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते खरंच होतं. तिला तो चांगला ठाऊक होता.

"अक्का, हे तू आज सांगते माले? सुपारी फुटली, वऱ्हाड उद्या दारात येतं, आन् आज? दिवाळीत तुह्या घरी बसून मी हेच बोललो व्हतो. तू पोळी वाढली. परवाच्याले बोललो, तू भात वाढला. एकडाव म्हनाली असती ना, गोदाच्या नावानं, तर मी मांघे हटलो असतो. तुहा शबुद मी कधी मोडला का? तू म्हनली व्याख्यान ऐक, तर दोन गाड्या बदलून आलो. ऐकलं. आता काय करू?"

खरंच हटला असता का तो? की आता सगळं ठरल्यावर म्हणायला सोपं होतं म्हणून म्हणत होता? धुरपदाबाई त्याच्या चेहऱ्यावर ते शोधत राहिली. तिथे काही सापडलं नाही, आणि पुढेही कधी सापडणार नव्हतं. कोणीतरी त्याला मांडवातून हाक मारली. त्याने उपरण्याने तोंड पुसलं, दोरी उचलली आणि गेला.

गोरज मुहूर्ताला कमल बोहल्यावर उभी राहिली. पिवळं लुगडं तिला चार ठिकाणी खोचलं होतं तरी पायात येत होतं. नवऱ्याकडच्या एका बाईने धुरपदाबाईला ओढून पुढे उभं केलं. "ह्याच त्या आत्या! ह्यांनीच वेळेवर कळवलं हो. केवढं संकट टळलं दोन्ही घरांचं." चार बायका वळून कौतुकाने बघू लागल्या. कोणी तिच्या हातात अक्षता दिल्या. वाजंत्री वाजली, सगळ्यांनी टाकल्या, तिनेही टाकल्या.

नंतर बायका पंगतीत गुंतल्या तेव्हा कमल तिच्या कुशीत येऊन बसली. मुंडावळ्या कपाळावर टोचतात म्हणून तिने त्या वर सरकवल्या.

"आत्या, ते म्हनतात सासू आजारी आहे, आखाजी झाली की मले तठेच ऱ्हायचं. तठे शाळा जवळच आहे म्हने. मले बसू देतील ना शाळेत?"

आजूबाजूला दोघी-तिघी ऐकत होत्या. त्यांतली एक लगेच म्हणाली, "देतील की वो बाई, काहून नाही देनार?" आणि धुरपदाबाईकडे बघून डोळा मिचकावला, की आता तुम्हीही होय म्हणा.

"नाही," धुरपदाबाई म्हणाली. स्पष्ट, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "नाही देणार, बाळ."

कमल तिच्या तोंडाकडे बघत राहिली. मग तिचा खालचा ओठ थरथरायला लागला.

"अक्का, काय हे! शुभाच्या वेळी पोरीला रडवता?" ती बाई चिडून पुढे आली, आणि तिने कमलला धुरपदाबाईच्या कुशीतून उचलून घेतलं. "चल गं, तुह्या सासूकडे चल. आत्याचं मनावर घेऊ नको. दमल्या आहेत त्या."